ताहवोला झोप लागली तो रविवार

आमचे सारिलाहती गाव सरोवराच्या एका काठाला आणि चर्च दुसऱ्या काठाला. मध्ये दोन तासांचे पाणी. रविवारी सकाळी गावाची मोठी नाव सुटते तेव्हा पाण्यावर धुके असते, आणि चौदा वल्ही एकदम पाण्यात पडतात तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला मी काय सांगणार! प्रत्येक घराची वल्ही ठरलेली. बायकासुद्धा वल्हवतात. शेजारच्या गावांच्या नावाही त्याच वेळी निघालेल्या असतात, आणि देवाच्या घरी निघालेली ही माणसे एकमेकांना मागे टाकायला अशी जिवावर उदार होऊन वल्हवतात, की उतरताना त्यांचे गुडघे थरथरतात.

मग बाकावर बसायचे. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. ओल्या लोकरीची ऊब अंगाभोवती जमते, लाकडी छतातून डांबराचा वास येतो, आणि पाळकसाहेबांचा आवाज मधमाश्यांसारखा कानाशी घुमत राहतो. अशा वेळी ज्याला झोप येत नाही त्या माणसावर माझा तरी भरवसा नाही.

म्हणूनच आमच्या चर्चने फार पूर्वीपासून एक झोपमोड्या नेमलेला असे. त्याच्याकडे दोन पुरुष लांबीची काठी. तिच्या एका टोकाला लाकडी गोळा, तो पुरुषांच्या बरगडीसाठी. दुसऱ्या टोकाला कोल्ह्याचे शेपूट, ते बायकांच्या नाकासाठी. उपदेश सुरू झाला की त्याने मधल्या वाटेने फिरायचे आणि जिथे डोके कलंडेल तिथे आपले काम करायचे.

ताहवो तीहोनेन हा आमचा झोपमोड्या. तीस वर्षे त्याने ती काठी वागवली, आणि तीस वर्षांत उपदेशाच्या वेळी त्याची पापणी एकदाही मिटली नाही. उंच, वाळका, पाइनच्या सुकलेल्या फांदीसारखा माणूस. डाव्या बुटात तो पाइनचे बोंड घालून येई, म्हणजे प्रत्येक पावलाला ते टोचावे आणि झोपेने जवळ येऊ नये. त्यामुळे तो लंगडत चाले. परगावच्या लोकांना वाटे, पाय अधू आहे बिचाऱ्याचा. आम्हांला ठाऊक होते की तो अभिमान आहे.

त्याचे आणि ईसाक्की कोसुनेनचे नाते साऱ्या चर्चला पाठ होते. ईसाक्की म्हणजे गोल, तांबूस, लोण्यासारखा माणूस. दोघे एकाच वयाचे, कुंपणाला कुंपण लागून राहणारे. पहिले गीत संपले की ईसाक्की घोरायला लागे. ताहवो येई, गोळा बरगडीत डिवची.

"झोपलो नव्हतो," ईसाक्की डोळे न उघडता म्हणे.

"मग काय करत होतास?"

"विचार करत होतो."

"घोरत विचार करतात होय रे?"

"जड विचार होता."

असे दर रविवारी. आणि केवळ ईसाक्कीच नव्हे. या तीस वर्षांत ताहवोने ज्यांना ज्यांना डिवचले त्यांतल्या एकानेही कधी "झोपलो होतो" असे कबूल केले नाही. आम्ही फिन माणसे घर जळाले तर सांगू, पण चर्चमध्ये झोपलो हे सांगणार नाही.

घर जळण्यावरून आठवले. ताहवोच्या जागरणाला एक कारण होते, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलेले नव्हते. तो एकोणीस वर्षांचा असताना गावाने उन्हाळ्यात जंगलाचा एक तुकडा जाळायला घेतला होता, राखेत राय नावाचे धान्य पेरायला. आगीवर नजर ठेवायला ताहवोला बसवले. भर दुपार, दोन दिवसांचे श्रम, धुराची गुंगी. त्याला झोप लागली. आग वाटेवरून पलीकडे उडाली आणि कोसुनेनांचे, म्हणजे ईसाक्कीच्या बापाचे, धान्य वाळवायचे लाकडी घर जळून खाक झाले. ताहवो जागा झाला तेव्हा तो जंगलात नव्हताच, सरोवराच्या काठी बर्चच्या सावलीत पडला होता. झोपेतच चालत आलो असेन, असे त्याला वाटले. लोकांना तो म्हणाला, "वारा फिरला." म्हाताऱ्या कोसुनेनने मान हलवली आणि म्हणाला, "फिरतो कधी कधी." पुढे त्याने ना भरपाई मागितली, ना शब्द काढला. शिवी दिली असती तर ताहवोला बरे वाटले असते. पण म्हाताऱ्याने तीही त्याला दिली नाही.

तेव्हापासून त्याने ठरवले की आपण जागे राहायचे. चार वर्षांनी काठीची जागा रिकामी झाली तेव्हा त्याने ती मागून घेतली. आपण देवासमोर उभे राहू तेव्हा एका दुपारच्या झोपेसमोर इतक्या रविवारांचे जागरण ठेवू, म्हणजे तोंड दाखवता येईल, असा त्याचा हिशेब होता. बाकी त्याच्यापाशी होते तरी काय? एक गाय, एक बायको आणि पाइनचे बोंड.

आता त्या रविवारचे सांगतो. तो मी स्वतः पाहिलेला आहे. माझे वय तेव्हा आठ दिवसांचे होते, त्यामुळे आठवत काही नाही, आईने आणि ईसाक्कीने सांगितले तेच सांगतो. पण पाहिलेला आहे. माझा बाप्तिस्मा त्याच दिवशी होता आणि तो प्रत्यक्ष बिशपसाहेबांच्या हातून. सबंध सारिलाहतीत बिशपच्या हातचा बाप्तिस्मा झालेला मी एकटाच, आणि मी हे कुणाला विसरू दिलेले नाही.

बिशपसाहेब बावीस वर्षांनी येणार म्हणून गाव कामाला लागले होते. ताहवोने तीन दिवस चर्चची जमीन वाळूने घासली, खिडक्या पुसल्या, कोल्ह्याचे शेपूट धुऊन विंचरले. रविवारी सकाळी त्याची बायको वाप्पू त्याला बूट घालून देत होती.

"बोंड कुठंय?" ताहवोने विचारले.

"फेकलं मी."

"फेकलं?"

"बिशपसाहेबांसमोर लंगडत जाशील? लोक म्हणतील बायको बूट पण धड देत नाही. हे घे, नवे मोजे विणलेत. मेंढीच्या पोटाची लोकर आहे."

"वाप्पू, मला बोंड पाहिजे."

"तीस वर्षं पाहिजे ते घातलंस की पायात. आज मला पाहिजे ते घाल."

नाव सुटायची वेळ झालेली. ताहवोने मोजे घातले. वाप्पू पुढे आयुष्यभर म्हणायची, "मी माणसाचं भलं करायला गेले, आणि काय झालं बघा!"

बिशपसाहेब थोराड, पायांना सूज असलेले, आवाज मऊ कणकेसारखा. मूळचे स्वीडिश बोलणारे, त्यामुळे फिन शब्द ते एकेक करून, अंडी ठेवावीत तसे ठेवत. माझा बाप्तिस्मा झाला, मी रडलो, गीत झाले. बिशप व्यासपीठावर चढले. ताहवो मधल्या खांबापाशी काठी धरून उभा राहिला. पायांत मेंढीच्या पोटाची ऊब होती. तीन दिवसांचा थकवा त्या मोज्यांतून हळूहळू वर चढू लागला. पोटऱ्यांत आला, गुडघ्यांत आला, छातीत आला. बिशपने आणखी एक अंडे ठेवले. ताहवोने पाठ खांबाला टेकवली, फक्त टेकवली, आणि उभ्याउभ्याच झोपला.

मग कोण कुणाला उठवणार? पुरुष झोपले, बायका झोपल्या. आमचे पाळकसाहेब वेदीजवळच्या खुर्चीत हनुवटी छातीवर ठेवून झोपी गेले. गीत सांगणारा कान्तोर पुस्तकावर आडवा झाला. मीही दूध पिऊन झोपलो. सगळ्या चर्चमध्ये दोनच माणसे जागी राहिली: एक बोलणारे बिशपसाहेब, आणि दुसरा, तुम्हांला पटणार नाही, ईसाक्की कोसुनेन.

तास गेला. मग ताहवोची बोटे सैल झाली आणि ती दोन पुरुष लांबीची काठी दगडी फरशीवर अशी पडली, की छतातली कबुतरे उडाली. बरोबर त्याच क्षणी बिशपसाहेब म्हणाले, "आमेन." साऱ्या चर्चने दचकून आपापली बरगडी धरली आणि सारे एका सुरात पुटपुटले, "झोपलो नव्हतो."

ताहवो पांढरा पडला.

बाहेर बर्चच्या झाडांखाली लोक भाकरीची गाठोडी सोडून बसले. ताहवो काठी ओढत फिरू लागला. झोपलो ते झोपलो, निदान उपदेश काय होता तो कळावा, म्हणजे तेवढा तरी मनात साठवून ठेवता येईल, असा त्याचा विचार. पहिला भेटला गिरणीवाला आबेल.

"आबेल, बिशपसाहेब कशावर बोलले?"

आबेलने मासा चावता चावता आकाशाकडे पाहिले. "नोहावर. नाव होती त्यात, एवढं नक्की. फार सुंदर बोलले."

कान्तोर म्हणाला, "योनावर. पाणी होतं ना? मग योनाच. मोठा मासा वगैरे."

वाप्पू म्हणाली, "काहीतरी तान्हं मूल होतं बाई पाण्यावर. मोशे असणार, टोपलीतला. तू का विचारतोयस? तू तर जागाच असतोस."

शेवटी ताहवो ईसाक्कीपाशी आला. ईसाक्की गवतावर बसून सुरीने लोणी लावत होता.

"बरा आहेस ना रे?" ईसाक्कीने विचारले. "मला वाटलं, गेलास तू."

"कुठं गेलो?"

"वर. अरे, पहिलं गीत झालं, मी वाट बघतोय, आता डिवचेल, मग डिवचेल. तुझी एक डिवचणी खाल्ल्याशिवाय मला कूस बदलून नीट झोप लागत नाही, लेका. तू येईचना. डोकं वळवून बघतो तर तू खांबाला चिकटलेला. तासभर तुझ्या नाकपुड्या बघत बसलो, हलतायत का. झोपेचं खोबरं झालं माझ्या."

"म्हणजे तू जागा होतास?"

"पहिल्यांदाच. बरंच काय काय असतं की उपदेशात!"

ताहवो गुडघ्यांवर बसला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, हे आज ज्याचं नाव ठेवलं ते पोर नावेतनं आलं. वल्हं मारलं का त्यानं? नाही. रस्ता माहीत होता का? नाही. झोपलेलं होतं. तरी आईच्या मांडीवर पलीकडं पोचलं, आणि वल्हवणाऱ्यांच्या आधी नाही, मागं पण नाही, बरोबरच. तसंच माणूस देवासमोर नीतिमान ठरतो तो आपल्या कर्मांनी नाही, नुसत्या विश्वासानं. ज्यानं उचललंय त्याच्यावर भार टाकून."

"बिशप म्हणाले असं? झोपलेला पोचतो?"

"असंच म्हणाले."

ताहवोचे कान लाल झाले. "ईसाक्की, तू माझी थट्टा करतोयस. हे तू तुझ्या सोयीचं बनवलंयस!"

"मी?" ईसाक्की खरोखरच दुखावला. "तीस वर्षांत एक उपदेश ऐकला, तर म्हणे बनवला!"

ताहवो उठला आणि सरळ पाळकसाहेबांच्या घरी गेला. मोठ्या टेबलावर बिशपसाहेब जेवत होते. आमच्याकडची पोटात मासे भरलेली भाकरी कापून समोर ठेवली होती, आणि पाळकसाहेब स्वतः वाढत होते. ताहवोने काठी आडवी करून टेबलावर ठेवली. शेपूट ताकाच्या भांड्यात गेले.

"ही घ्या, बिशपसाहेब."

"काय करू मी हिचं?" बिशपने विचारले.

"मी झोपमोड्या आहे. आज माझे... डोळे जरा मिटले गेले."

"दिसलं मला. वरून सगळं दिसतं."

पाळकसाहेब घाईने लोणी शोधू लागले.

"तीस वर्षं मी जागा राहिलो, साहेब. तेवढंच होतं माझ्याकडं दाखवायला. आता देवासमोर काय घेऊन उभा राहू?"

"काठी नेणार होतास?"

"काठी नाही. जागरण."

बिशपनी माशाचा काटा काढून बाजूला ठेवला. "मी काय बोललो ते कुणी सांगितलं का तुला?"

"चौघांनी चार सांगितलं. नोहा, योना, मोशे. आणि आमचा ईसाक्की म्हणतो, झोपलेलं पोर न वल्हवता पोचलं."

"म्हणजे एकानं तरी ऐकलं. तोच ना, गोल चेहऱ्याचा? माझ्याकडं कमी आणि तुझ्याकडं जास्त बघत होता."

"पण साहेब, तो ईसाक्की आहे! तो चर्चमध्ये घोरतो!"

"आणि तू आज काय केलंस?"

ताहवोने टेबलावरच्या काठीकडे पाहिले. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे माझी तीस वर्षं फुकट?"

"फुकट कशी? या माणसांनी तुझ्यामुळं तीस वर्षं थोडं तरी ऐकलं. काठी चांगली आहे. पण ती ईसाक्कीच्या बरगडीसाठी आहे. वर नेऊन काय करशील? तिथं कोण झोपलंय, ज्याला तू जागं करणार?"

पाळकसाहेब हसले, मग आपणही झोपलो होतो हे आठवून थांबले.

"मला शिक्षा द्या," ताहवो म्हणाला.

बिशपने त्याच्या हातांकडे पाहिले. घट्टे पडलेले, वाळूने सोललेले हात. "नावेत तुझं वल्हं कुठलं?"

"तिसरं. उजवीकडचं. पंचवीस वर्षं दुसऱ्या कुणी धरलेलं नाही."

"आज घरी जाताना ते धरायचं नाहीस. मागं बस, त्या बाळाच्या आईशेजारी, आणि काहीही करू नकोस."

"एवढंच?"

"करून बघ," म्हणत बिशपने काठी त्याच्या हातात परत दिली.

ही बातमी नावेपाशी आली तेव्हा मोठा गोंधळ झाला. परतीच्या वाटेवर शेजारच्या हौकीनिएमी गावाशी शर्यत असते, आणि तिसरे उजवे वल्हे म्हणजे आमचा हुकमी हात. आबेल ओरडला, "बिशपला काय जातंय! हरणार तर आपण!" वाप्पूने पदर खोचावा तसा झगा खोचला, पण तिचे स्वतःचे वल्हे होते. शेवटी ईसाक्की उठला. त्याच्या घराचे वल्हे त्याचा जावई ओढत असे, आणि ईसाक्की पिशव्यांवर पडून येई, हा वर्षानुवर्षांचा रिवाज.

"आण इकडं," तो म्हणाला, आणि ताहवोचे वल्हे धरून बसला. नाव त्या बाजूला थोडी कलली.

ताहवो मागे बसला, माझ्या आईच्या शेजारी. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. मांडीवर ठेवले, काखेत घातले, नावेची कड धरली. पहिल्या तासात तो तीनदा उठला आणि तीनदा सगळी नाव ओरडली, "बस खाली!" त्याने पाणी उपसायचे भांडे हळूच उचलले, तर आईने ते काढून घेतले. "बिशपसाहेब काय म्हणाले? काही करू नकोस." हौकीनिएमीची नाव गाणे म्हणत पुढे गेली. त्यांच्यातल्या कुणीतरी ओरडून विचारले, "म्हाताऱ्याला पण दूध पाजताय का?"

ताहवोने डोळे मिटून घेतले, आणि माझी आई सांगे की त्याच्या गालावरून पाणी ओघळत होते. वारा पडला होता. पाणी काचेसारखे होते, आणि त्यात किनाऱ्यावरचे सगळे बर्च उलटे उभे होते. चौदा वल्ही पडत होती, उठत होती. आईने मला थोडा वेळ ताहवोच्या मांडीवर ठेवले, तिचे हात अवघडले म्हणून. त्याने मला धरले. मग त्याचे डोके माझ्या दुपट्यावर आले आणि तो झोपला. बिशपने ज्याच्यावर उपदेश केला तो मी, आणि ज्याच्यासाठी केला तो ताहवो, दोघेही एकाच वेळी घोरत सरोवर ओलांडत होतो. आई म्हणे, माझे घोरणे सरस होते.

आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो. हौकीनिएमीकर घरी जाऊन जेवलेदेखील होते. पण सारिलाहतीची नाव आपल्या काठाला लागली, आणि माणसेही पोचली, तेवढीच जेवढी बसली होती.

ईसाक्कीचे तळहात फोडांनी भरले होते. त्याने पिशव्यांमधून ती लांब काठी ओढली, गोळ्याचे टोक हाती धरले आणि शेपटाचे टोक ताहवोच्या नाकाखाली फिरवले.

"ऊठ, ताहवो. पोचलो."

ताहवोने डोळे उघडले. आजूबाजूची माणसे थांबली. तो काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि हसायची तयारी झाली होती.

"झोपलो होतो," ताहवो म्हणाला.

कुणी हसले नाही. असे वाक्य आमच्या काठावर पूर्वी कुणी उच्चारलेले नव्हते.

"ईसाक्की," तो पुढे म्हणाला, "तेव्हापण झोपलो होतो. तुमचं घर जळालं तेव्हा. वारा फिरला नव्हता."

"माहीत आहे की."

"काय माहीत आहे?"

"तू झोपला होतास ते. बापाला पण माहीत होतं. तुला काय वाटलं, तळ्याकाठी तू चालत गेलास? आग तुझ्या बुटापाशी आली होती. बापानं तुला खांद्यावर टाकलं आणि बर्चखाली आणून ठेवलं. घर तोवर गेलंच. मला म्हणाला, पोराला काही बोलू नका, दमलंय."

मी ताहवोच्या मांडीवर ओला झालो होतो, आणि त्याचे नवे मोजेही.

"चौतीस वर्षं सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू विचारलं नाहीस. आणि सांगायला गेलो की बरगडीत डिवचायचास." ईसाक्कीने हात पुढे केला. "उतर आता. पोर रडतंय, आणि मला भूक लागलीय."

ताहवोने मला आईकडे दिले, ईसाक्कीचा फोडांनी भरलेला हात धरला आणि उतरला. तो लंगडत नव्हता, हे वाप्पूने सगळ्यांत आधी पाहिले.